सेकंड लाइफमधे लॅग होतोय, सगळं अडकत चालतंय? आधी टेक्स्चरची साइज बघा

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात घर, दुकान असं काही बांधत असाल तर प्लीज प्रत्येक टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवायचं चित्र, १०२४ बाय १०२४ पिक्सेलमधे चढवू नका. लोकांना वाटतं फाइल तर २०० केबीचीच आहे मग काय फरक पडतो, पण ग्राफिक्स कार्डात गेल्यावर ते चित्र पूर्ण उलगडतं आणि तिथे एकेका पिक्सेलला जागा लागते, म्हणजे अल्फा (पारदर्शकतेची माहिती) असलेलं १०२४ चं एक चित्र ४ एमबी खातं, तेच ५१२ ला १ एमबी आणि २५६ ला फक्त पाव एमबी! बाजू निम्मी केली की भार पावपट होतो.

भिंत, फरशी असलं काही असेल तर २५६ किंवा ५१२ चं सीमलेस (शेजारीशेजारी लावलं तरी जोड न दिसणारं) टेक्स्चर घ्या आणि रिपीट, म्हणजे ते किती वेळा लागोपाठ यायचं तो आकडा, वाढवा, एकच टेक्स्चर दहा ठिकाणी लावलं तरी डाउनलोड एकदाच होतं. दाराची कडी, शर्टाचं बटण याला १२८ पुरतं, खरंच पुरतं. मोठी साइज राखून ठेवा भिंतभर पेंटिंगसाठी.

बाजू १२८, २५६, ५१२ अशाच ठेवा, नाहीतर अपलोड करताना व्ह्यूअर (सेकंड लाइफ चालवायचं सॉफ्टवेअर) स्वतःच ताणून बसवतो.

आणि अल्फा! पीएनजीमधे बरेचदा नकळत अल्फा चॅनल राहून जातो, मग काच नसलेल्या भिंतीलाही पारदर्शक समजून कार्डाला जादा काम लागतं आणि मागची वस्तू पुढे दिसायचा घोळ होतो तो वेगळाच. गिम्प या चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधे अपलोडच्या आधी इमेज मेनूतलं 'फ्लॅटन इमेज' दाबा, अल्फा निघून जातो.