कोकणातल्या मुक्कामाचा रिव्ह्यू कसा लिहायचा: खान्देशातून जाणाऱ्यांच्या कामी येईल असा

पुण्या-मुंबईच्या माणसाला खोली पटली नाही तर तो दुसऱ्या दिवशी घरी येतो आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातो. अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्रीहून निघालेल्या घराचं तसं नसतं. धुळे, नाशिक, पनवेल करत गाडी रात्रभर पळते, मग मुंबई-गोवा महामार्ग लागतो, आणि गुहागर किंवा दापोली येईपर्यंत म्हाताऱ्या माणसांचे पाय सुजलेले असतात. त्या वेळी खोली फोटोसारखी नाही हे कळून उपयोग काय? पिशव्या उतरवायच्या आणि आहे त्यात राहायचं. म्हणून आपल्याकडच्या माणसाने कोकणातून परत आल्यावर रिव्ह्यू लिहिलाच पाहिजे, आणि "छान आहे, पैसा वसूल" एवढ्यावर थांबू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरातल्या सहली माझ्याकडेच असतात. नातेवाईक विचारतात, "ताई, कुठे उतरायचं?" त्यांना मी जे सांगते ते कसं टिपते, तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे नोंद त्याच रात्री, फोनमध्येच करायची. घरी आल्यावर फक्त समुद्र आठवतो, बाथरूमचा नळ आठवत नाही. तारीख, खोलीचा नंबर, मजला, भाडं, किती माणसं, जादा गादीचे किती घेतले, चहा-नाश्ता त्यात होता की वेगळा, एवढं टिपलं की निम्मं काम झालं. तारीख आणि खोली नसलेला रिव्ह्यू वाचणाऱ्याला काही सांगत नाही. एकाच घरातल्या खालच्या खोलीत गारवा असतो आणि वरच्या पत्र्याखालच्या खोलीत दुपारी बसवत नाही. डिसेंबरात शांत असलेली जागा मे महिन्यात लग्नाच्या वऱ्हाडासारखी भरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे पाणी आलं की नाही हे बघतात. किनाऱ्यावर ते कसं आहे हेही बघावं लागतं. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळा वाढत जाईल तसं मचूळ होतं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात. आमच्या सासूबाईंनी एकदा नुसती चूळ भरून सांगितलं, "आठलं पानी खारं शे." मी ते रिव्ह्यूत लिहिलं, पण त्याबद्दल स्टार कापला नाही, कारण मालकाने प्यायला वेगळं गोड पाणी भरून ठेवलं होतं आणि आल्या आल्या तसं सांगितलंही होतं. खाऱ्या पाण्याला माणूस जबाबदार नाही, न सांगण्याला आहे. गरम पाणी कसं मिळतं तेही लिहा: गिझर की बंब, सकाळी किती वाजेपर्यंत, आणि सगळ्या खोल्यांत एकदम आंघोळी सुरू झाल्या की बादली भरायला किती वेळ लागतो. आपल्या गाडीत दहा-बारा माणसं असतात. त्यांना याच्याइतकी कामाची माहिती दुसरी नाही.

खाऱ्या हवेचा न्यायही असाच करायचा. खिडकीच्या गजांना, पंख्याच्या जाळीला, दाराच्या कडीला गंज असतोच. मालक दरवर्षी रंग देतात आणि पावसाळा तो खाऊन टाकतो. त्याला हलगर्जीपणा म्हणणं चूक आहे. मात्र उघडी वायर, बाथरूममधला हलणारा स्विचबोर्ड, गंजून गळणारा गिझरचा पाइप दिसला तर रिव्ह्यूची पहिली ओळ तीच असली पाहिजे. चादर पावसाळ्यात सादळलेली लागली तर समजून घ्या. जानेवारीत कुबट वास आला तर समजून घेण्यासारखं काही नाही.

उकाड्याबद्दल लिहिताना आपण कुठून आलो ते आधी सांगा. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत कूलरसमोर झोपणाऱ्याला वाटतं, कोकणात तर चौतिसच आहे, मग काय अडचण? पण तिथल्या दमट हवेत कूलर कामच करत नाही, कारण तो पाण्याची वाफ करूनच गारवा देतो आणि तिथली हवा आधीच वाफेने भरलेली असते. "एसी लागतोच" किंवा "वाडीतली खोली, खिडक्या उघड्या ठेवल्या की पंख्यावर भागतं" असं स्पष्ट लिहा. डासांचंही त्याच ओळीत लिहा. नारळी-पोफळीच्या बागेत ते असायचेच, खिडक्यांना जाळी आहे का ते महत्त्वाचं.

आता समुद्र. "सी-फेसिंग" या शब्दावर सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून इथे वेळ द्या. गुहागर, दिवेआगरला पुष्कळशी घरं रस्त्याला लागून आणि मागे वाडी, वाडीच्या मागे समुद्र अशी आहेत. खोलीतून पाणी दिसत नाही, मध्ये झाडं असतात. पण मागच्या वाटेने चालत गेलं की पाच-दहा मिनिटांत वाळू लागते. माझ्या मते हे उत्तम, उलट वारा अडतो. फक्त रिव्ह्यूत "समुद्र दिसतो", "समुद्राचा आवाज येतो" आणि "चालत जाता येतं" या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. वाट कशी आहे तेही लिहा: वाळूची, दगडांची, की उतरणीची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शंभर पावलांची ओबडधोबड उतरण म्हणजे समुद्र न पाहिल्यासारखंच.

किनारा केवढा होता हे लिहिताना वेळ न दिल्यास माहिती खोटी ठरते. भरतीला पाणी सुरूच्या बनापर्यंत येतं आणि ओहोटीला तेच इतकं आत जातं की पोरं म्हणतात, समुद्र कुठे गेला? किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं, म्हणून "पौर्णिमेला गेलो होतो, दुपारी वाळू उरलीच नव्हती" असं लिहिलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आपल्या मुलांनी तापी, गिरणा, पांझरा पाहिलेली असते. लाट पायाखालची वाळू कशी ओढून नेते ते त्यांना ठाऊक नसतं. म्हणून मुक्कामाच्या मालकाने न विचारता भरतीची वेळ सांगितली का, कुठे उतरू नये ते दाखवलं का, हे मी प्रत्येक रिव्ह्यूत लिहिते. एका घरी काकूंनी चहाचा कप हातात देतानाच सांगितलं, "पोरांना त्या खडकाच्या पलीकडे जाऊ देऊ नका, तिथे पाणी ओढतं." खोली साधी होती, फरशी जुनी होती. मी पाच स्टार दिले आणि का दिले ते लिहिलं.

जेवणाचं बोलायचं तर आपल्या बऱ्याच घरांत एखादं माणूस माळकरी असतं. कोकणात शाकाहारी उत्तम मिळतं, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, घावणे, उकडीचे मोदक, सगळं. पण तवा आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हे बुकिंगच्या फोनवरच विचारायचं आणि मिळालेलं उत्तर व प्रत्यक्ष पाहिलेलं, दोन्ही रिव्ह्यूत टाकायचं. भाकरी तांदळाची असते. ज्वारीची किंवा कळण्याची नव्हती म्हणून तक्रार करू नये, आणि शेवभाजीसारखा तिखटपणाही तिथल्या आमटीत शोधू नये. मासे खाणाऱ्यांनी महिना लिहावा. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताटात ताजी सुरमई नव्हती यात आचाऱ्याचा दोष नाही.

एक गोष्ट फार कमी लोक लिहितात: ड्रायव्हरची सोय. आपण क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर करून जातो. ज्याने रात्रभर गाडी चालवली आणि परत चालवायची आहे, त्याला झोपायला गादी, आंघोळीला पाणी आणि जेवण मिळतं का, किती पैशांत मिळतं? गाडी आवारात लागते की रस्त्यावर? हे लिहाच. ड्रायव्हरला गाडीत डास मारत रात्र काढायला लावणाऱ्या जागेला, खोली कितीही चकचकीत असो, मी तीनच्या वर जात नाही.

बिलाबद्दल थोडक्यात. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. बऱ्याच लहान घरगुती मुक्कामांची जीएसटी नोंदणी नसते, मग त्यांनी कर लावायचाच नसतो. लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक बघा. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच चुकीचं ठरवलं आहे. अॅडव्हान्स परत कधी मिळतो, यूपीआय चालतं का, रेंज कोणत्या कंपनीची येते, हे एका वाक्यात येतं.

तक्रार असेल तर आधी मालकाला तोंडावर सांगा. पंखा बंद, चादर मळकी, हे पाच मिनिटांत सुधारतं. सांगितल्यावर काय झालं ते रिव्ह्यूत लिहिण्यासारखं असतं. रागात, तिथेच अंगणात उभं राहून लिहू नका. "एक स्टार देईन" म्हणून भाडं कमी करून घेणं आणि पाच स्टारसाठी मोफत नाश्ता घेणं, दोन्हीने पुढचा प्रवासी फसतो. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही काढलं आहे. सूट घेतलीच असेल तर तसं लिहा. पाहिलेलं लिहा, ऐकलेलं नको. "मालक चोर आहे" हा आरोप झाला; "दोन हजार ठरले होते, निघताना अडीच हजार घेतले" ही माहिती झाली. फोटो बाथरूमचा, जिन्याचा आणि खिडकीतून उभं राहून जे दिसतं त्याचा. दुसऱ्यांचे चेहरे त्यात नकोत.

असा लिहून झालेला रिव्ह्यू साधारण असा दिसतो:

"फेब्रुवारी, अष्टमीचा आठवडा, दोन रात्री. तळमजला, खोली नंबर दोन, एसी नाही, दोन मोठी माणसं आणि एक मूल, दोन हजार रुपये रोज, चहा-नाश्ता धरून. धुळ्याहून गेलो. कमोड आहे, आत जायला एकच पायरी, पण बाथरूममध्ये धरायला दांडा नाही. पाणी किंचित मचूळ, प्यायचं वेगळं ठेवतात. समुद्र दिसत नाही, रात्री आवाज येतो. वाडीतून सात मिनिटं, सपाट वाट. पाय धुवायला अंगणात नळ. शाकाहारी तवा वेगळा, स्वतः पाहिला. ड्रायव्हरला पडवीत गादी आणि मच्छरदाणी, पैसे घेतले नाहीत. रात्री वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरवर दिवा चालला, पंखा बंद. दार आतून नीट लागत नव्हतं, सांगितल्यावर संध्याकाळी कडी बदलली. चार स्टार."

वाचणारा यावरून आजीला न्यायचं की नाही हे ठरवू शकतो.

टाकल्यावर काम संपत नाही. गूगल मॅप्सवर आपला जुना रिव्ह्यू नंतर बदलता येतो. मालकाने उत्तर दिलं, दांडा बसवल्याचा फोटो पाठवला, तर जुनं पुसून न टाकता खाली ओळ जोडा: "दांडा बसवल्याचं मालकांनी कळवलं आहे, मी स्वतः पाहिलेला नाही." त्या ओळीलाही तारीख घाला.