न्यायाची वचने मोठ्याने वाचताना या चुका टाळा

चर्चमध्ये शास्त्रवाचनाची, म्हणजे बायबल मोठ्याने वाचायची पाळी आली की आपल्याकडे भल्याभल्यांचा आवाज तलाठ्यासारखा होतो. सातबारा वाचावा तसा आमोस संदेष्ट्याचा ग्रंथ वाचून मोकळे. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. मग उपासनेनंतर चहाला मजुरी-जमिनीचा विषय निघाला, की वचनाचा पत्ताच नसतो, नुसते पक्ष भांडतात.

पहिली चूक म्हणजे सगळ्यांना एकाच आवाजात बोलायला लावणं. १ राजे या पुस्तकाचा २१वा अध्याय घ्या. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवाय, तोही बदल्यात चांगला मळा किंवा रोख पैसे देऊन. ऐकायला सौदा सरळच वाटतो, आणि राजा इथे गोडच बोलायला हवा. आपण त्याला पहिल्याच वाक्यात नाटकातला खलनायक करतो. मग नाबोथाच्या ‘वडिलोपार्जित वतन देणार नाही’ या उत्तराचं वजनच जातं. नवापूर-शहाद्याकडे गहाणात गेलेल्या जमिनीच्या गोष्टी घरोघरी आहेत, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. नाबोथाच्या उत्तरानंतर थांबा. मनात तीन आकडे मोजा. खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडमार होतो, तो भाग भरभर वाचा, कारण तिथे सगळं भरभरच घडतं. एलीया संदेष्टा राजाला जाब विचारायला येईल तेव्हा ओरडू नका.

मत्तय २० मध्ये उलटी अडचण. धनी पहाटेपासून पाच वेळा मजूर आणायला जातो, पण आपण पाचही फेऱ्या एका दमात उरकतो. शेवटच्या मजुरांचं म्हणणं आमच्याकडे एका ताईंनी अहिराणीत सांगितलं, ‘आमले कोन्ही कामले बलावंच नही.’ मागच्या बाकावरून हुंकार आला. बोलीत वाचलं तर पावित्र्य जातं, असं काही वडीलधाऱ्यांना वाटतं. मला पटत नाही. नहेम्या ८ मध्ये लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, नुसतं वाचत नाहीत, लोकांना अर्थही समजावून देतात. धुळ्या-जळगावकडे अहिराणी, नवापूरकडे मावची. मूळ वचन आधी, बोली नंतर, एवढं पाळलं तर पुरे.

चर्चेतली नेहमीची गल्लत म्हणजे जातीच्या दाखल्यांची. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती दलितांना नाही. अनुसूचित जमातीला मात्र अशी धर्माची अट नाही. हे आधी फळ्यावर लिहा, अर्धा वाद तिथेच निवतो. निवडणुकीतल्या उमेदवारांची नावं निघाली तर पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) सरळ ‘हे बाहेर बोला’ म्हणावं.

आणि वाचणारे तेच ते नकोत. याकोब ५:४ मध्ये अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. ते वचन बँकेतल्या साहेबांकडे देण्यापेक्षा ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाईकडे द्या. तिला अक्षरओळख नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या, दोन-तीन आठवड्यांत पाठ होतं. फक्त पाळी दिवाळीआधीची ठेवा. नंतर मुकादमाची गाडी येते आणि टोळी गुजरातला निघून जाते.