तळ्यात उतरण्याआधी पाणी कसं ओळखावं?

मे महिन्यात बहिणीची मुलं गावी आली की दुपारी पाझर तलावावर जाणं ठरलेलं. पाठीला डबा बांधून मीही तिथेच पोहायला शिकलो. दोन वर्षांमागे धाकटा भाचा रात्री उठून बसला, "मामा, खाजतंय." बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर बाकी अंग साफ, पण चड्डीच्या नाडीखाली कमरेभोवती पट्टा बांधल्यासारखं लालभडक पुरळ. आईने घामोळं समजून खोबरेल लावलं. पहाटे उलट्या सुरू झाल्या तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "पोहला होता का? पाण्याचा रंग कसा होता?"

पाणी हिरवं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि कुणीच पोरांना थांबवलं नव्हतं. पोरगं दोन दिवसांत बरं झालं, पण तेव्हापासून मी पाणी बघितल्याशिवाय कुणाला उतरू देत नाही. कसं बघायचं, ते सांगतो.

आधी हे काय आहे ते. ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. थोडे सगळ्याच पाण्यात असतात. पाणी उथळ, कोमट आणि थांबलेलं असलं, वरून नत्र आणि स्फुरद मिळालं, की ते भराभर वाढतात. मराठवाड्यात हे सगळं सहज जुळून येतं. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला जातं आणि तापतं. ऑक्टोबर हीटच्या आधी पावसाने शेतातलं डीएपी, युरिया आणि गावातलं सांडपाणी तलावात आणून सोडलेलं असतं. यातल्या काही जाती विष तयार करतात. कुठलं यकृतावर जातं, कुठलं मज्जासंस्थेवर. विषारी जात कोणती आणि बिनविषारी कोणती, हे डोळ्यांनी कुणालाच कळत नाही. म्हणून पाण्यावर हिरवा तवंग दिसला की तो विषारीच धरायचा.

पहिलं काम: सकाळी काठ फिरून बघा

रात्री वारा पडला की हे जिवाणू वर तरंगून येतात, त्यामुळे सकाळी तवंग नीट दिसतो. दुपारी वारं सुटलं की तो पाण्यात मिसळतो आणि तेच पाणी बरं वाटायला लागतं. वारा ज्या काठाकडे ढकलतो तिथे साय जमते. पश्चिमेचं वारं असेल तर पूर्वेचा काठ आधी बघा. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला आहे. एवढ्या पाण्यात एक काठ स्वच्छ दिसला म्हणून दुसरा तसाच असेल असं नाही.

काय दिसतं? पोपटी ऑइलपेंट सांडल्यासारखा थर, नाहीतर पाण्यात हिरवा रवा भिजत घातल्यासारखे बारीक कण. कधी निळसर किंवा तपकिरी रेघा. सडायला लागलं की कुबट, उग्र वास येतो. जलपर्णी आणि पाण्यावर तरंगणारी बारीक टिकलीसारखी पानं ही वेगळी. त्यांना पानं-मुळं असतात, ती हातात धरता येतात.

दुसरं: काडी घालून बघा

लांब काडी पाण्यात फिरवून वर काढा. केसांसारखे लांब हिरवे धागे लोंबले तर ते बहुतेक साधं शेवाळ. काडीला रंग फासल्यासारखा लेप बसला तर सावध व्हा. हात पाण्यात घालू नका.

तिसरं: लोणच्याच्या बरणीची चाचणी

ही मला सगळ्यांत उपयोगाची वाटते, पोरांनाही पटते. रबरी हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरा, बाहेरून धुवा, झाकण लावून रात्रभर सावलीत न हलवता ठेवा. बरणीवर "हात लावू नये" असं लिहा, कारण घरात ती कुणीही उचलतं. सकाळी हिरवं तळाला बसलेलं असेल तर बहुधा साधं शेवाळ. वर गळ्याशी हिरवं कडं धरलं असेल, तर सायनोबॅक्टेरियाची शक्यता मोठी. यांच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, म्हणून ते तरंगतात. मात्र या चाचणीने विष आहे की नाही हे कळत नाही, आणि हिरवं तळाला बसलं म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही.

ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात ती ओटी टेस्ट फक्त क्लोरीन दाखवते. काळी पडणारी एचटूएसची बाटली मैल्यातले जंतू दाखवते. दोन्ही चाचण्या ठीक आल्या तरी हे विष पाण्यात असू शकतं. मायक्रोसिस्टिन हे त्यातलं सगळ्यांत माहितीतलं विष. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, पोहण्याच्या पाण्यात २४. ते मोजायला खास प्रयोगशाळा लागते.

उकळणं, तुरटी, टीसीएल

इथे आपली सवय आपल्याला फसवते. पाणी उकळलं की हे जिवाणू मरतात, पण विष तसंच राहतं. पाणी आटलं तर उलट दाट होतं. तुरटीने पेशी खाली बसतात, पाण्यात विरघळलेलं विष बसत नाही. हिरव्या पाण्यात थेट टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली किंवा शेततळ्यात मोरचूद सोडलं, तर पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात येतं. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला टँकरने जलाशयाचं अर्धवट शुद्ध केलेलं पाणी गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. टँकरवर जगणाऱ्या आपल्या भागाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जनावरं

जनावरांना धोका आपल्यापेक्षा जास्त, कारण ती काठावरची साय सरळ पितात. ऑस्ट्रेलियात अशा तवंगाने मेंढ्या-घोडे मेल्याची नोंद १८७८ सालची आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैल धुवायचे असतील तर हापशाचं किंवा विहिरीचं पाणी घ्या. कुत्रं हिरव्या पाण्यातून निघालं तर अंग चाटायच्या आत धुवा. जनावर थरथरायला लागलं, लाळ गाळू लागलं किंवा पडलं, तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या नंबरवर फोन करा.

कुणी उतरलंच असेल तर

लगेच स्वच्छ पाणी आणि साबणाने अंघोळ घाला. पोहताना घातलेले कपडे तिथल्या तिथे बदला, कारण कपड्याखाली अडकलेल्या कणांनीच कातडी पोळते. पाणी पोटात गेलं का ते विचारा. लहान मुलं सगळ्यांत जास्त पाणी गिळतात. पुरळ, डोळ्यांची आग, उलट्या, जुलाब, पोटदुखी यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांना हिरव्या पाण्यात पोहल्याचं आपणहून सांगा. श्वास लागला किंवा हातपाय लुळे वाटले तर थांबू नका, १०८ ला फोन करा. याला उतारा नाही, लक्षणांवरच उपचार होतात, म्हणून वेळ महत्त्वाचा.

मासे त्या पाण्यातले असतील तर काही दिवस टाळलेलेच बरे. खायचेच असतील तर आतडी आणि काळीज काढून टाका, मांस स्वच्छ पाण्याने धुवा आणि पहिलं उकळलेलं पाणी रश्शात घेऊ नका.

तवंग दिसला की ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, फोटो आणि तारखेसह. आमच्याकडे तलावाच्या वाटेवरच्या लिंबाला पत्र्याची पाटी लावली आहे. पाणी हिरवं झालं की शाळेतली पोरं खडूने तारीख टाकतात. हिरवा रंग गेला तरी पुढचे दोन आठवडे ती तारीख कुणी पुसत नाही, कारण तवंग मेल्यावरही विष काही दिवस पाण्यात राहतं.