कॅफेच्या मेन्यूतलं काय मागवायचं, आणि घरी कसं करायचं

नाशिकच्या कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोडच्या कुठल्याही कॅफेत गेलात की मेन्यूत कॉफीची नावंच नावं. घाबरू नका, बहुतेक सगळ्यांच्या तळाशी एस्प्रेसोच (मशीनच्या प्रेशरनं काढलेली थोडीशी, कडक कॉफी) असतो, वरून दूध किती नि पाणी किती एवढाच फरक.

फक्त लग्नात मशीनमधून फुस्स करून येते ना, फेसाळ, गोड, वर चॉकलेट पावडर, तीच डोक्यात धरून एस्प्रेसो मागवलात तर समोर बोटभर कडू काळी कॉफी येणार, आणि बिल बघून ती अजून कडू लागणार. खरा डबल शॉट (शॉट म्हणजे एस्प्रेसोचं एक माप, डबल म्हणजे त्याच्या दुप्पट) म्हणजे साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली पावडर, ९ बार प्रेशर, आणि २५-३० सेकंदात ३६ ग्रॅमच्या आसपास उतरलेली कॉफी. आंबट ढाण लागली तर दळण अजून बारीक करा, कडूजहर झाली तर जरा जाड. त्यात गरम पाणी ओतलं की अमेरिकानो, संपला विषय.

घरी मशीन नसेल तर सरळ मोका पॉट घ्या (गॅसवर ठेवायचं भांडं, खाली पाणी, मधे पावडर, वर कॉफी चढते), १९३३ चं इटालियन डिझाइन आहे पण अजून तोड नाही. प्रेशर जेमतेम १-२ बार, म्हणजे एस्प्रेसोवरचा तो सोनेरी फेस, क्रेमा, विसरा, पण दुधाच्या कॉफीला एकदम झकास. खाली आधीच गरम केलेलं पाणी व्हॉल्व्हच्या खालपर्यंत भरायचं, पावडर चिकोरी नसलेली घ्यायची, सपाट करायची पण दाबायची नाही, गॅस बारीक, आणि फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवायचं नाहीतर जळकट लागते. ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, आणि बूड लहान असल्यानं गॅसवर डगमगतो, खाली जाळी ठेवा.

आता दूध. ६०-६५ अंशापर्यंतच तापवायचं, आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत उकळायची सवय आहे ती इथे नको, गोडवा जातो. आधी उकळून फ्रीजमध्ये ठेवलेलं असेल तर साय काढा, थंडच घ्या, मग तापवा. भांड्याला हात टेकवता येईना की बंद, मग हातातल्या फ्रॉथरनं फेस करा.

शॉट नि दूध निम्मं निम्मं म्हणजे कोर्टाडो. १५०-१८० मिलीचा कप, वर जाड फेस, तो कॅपुचिनो, तेवढ्यातच फेस पातळ नि मऊ ठेवला की फ्लॅट व्हाईट (माझं मत विचाराल तर हाच मागवा, कॉफी लागते तरी). २५०-३०० मिली दूध असलं की लाटे, म्हणजे दूधच जास्त. माकियाटोला फेस चमचाभर, मोका कॉफीला (मोका पॉट वेगळा) चॉकलेट.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत कप आधी गरम पाण्यानं विसळा, नाहीतर दोन घोटात गार. आणि एप्रिल-मेमध्ये व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्यावर गरम शॉट ओता, अफोगातो तयार, साखर अजिबात घालू नका, आइस्क्रीमची पुरते.