होडीच्या समोरच्या काचेवरचे क्षारांचे हट्टी डाग कसे काढावेत

सकाळी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या लाँचचे तोंड पूर्वेला असते आणि त्या तासाभरात समोरच्या काचेची खरी परीक्षा होते. एरवी नजरेला सवयीचे झालेले पांढुरके ठिपके तिरपे ऊन पडताच एकदम चमकू लागतात, सगळी काच दुधी होते आणि नेमक्या त्याच वेळी जाळ्याचा बोया, नांगरून ठेवलेला बार्ज किंवा आडवी येणारी लहान होडी दिसायला उशीर होतो. रात्री अशाच काचेतून बंदराचे दिवे पसरट आणि विरलेले दिसतात. म्हणून या सफाईकडे मी इंजिनाच्या तेलपाण्याइतक्याच गांभीर्याने पाहतो.

हे डाग समुद्राच्या पाण्याने पडतात, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात खरे, पण त्यांतला मोठा भाग आपल्या जेवणातल्या मिठाचाच असल्यामुळे तो गोड्या पाण्यात पुन्हा सहज विरघळतो. घासूनही न निघणारे डाग बहुधा धुण्याच्या पाण्यातून येतात. भातसा, तानसा, वैतरणा या खोऱ्यांतून येणारे मुंबई महानगरपालिकेचे पाणी तुलनेने मृदू असते. धक्क्यावर मात्र पुष्कळदा विहिरीचे किंवा बोअरचे टँकरचे पाणी वापरले जाते, आणि शाळेत आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणत होतो तसे, साबणाचा फेस न होऊ देणारे, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असलेले ते पाणी असते. तापलेल्या काचेवर ते सुकले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतो. त्यामुळे रोज संध्याकाळी बोअरच्या पाण्याने निगुतीने होडी धुऊन ती वाऱ्यावर वाळू देणाऱ्याचीच काच सर्वांत जास्त डागाळलेली आढळते.

काम सुरू करण्यापूर्वी समोरचा पडदा खरोखर काचेचा आहे ना, हे पाहावे. लहान स्पीडबोटींवर तो अनेकदा ॲक्रिलिकचा किंवा पॉलिकार्बोनेटचा असतो. नखाने टिचकी मारल्यावर काच टणक, स्वच्छ आवाज देते, हाताला थंड लागते आणि बहुतेक वेळा तिच्या कोपऱ्यात उत्पादकाचा शिक्का असतो; प्लास्टिकचा आवाज बद्द येतो. पडदा प्लास्टिकचा निघाला तर पुढे सांगितलेले ब्लेड आणि सिरियम ऑक्साइड (काच घासून चकचकीत करण्याची पूड) दोन्ही विसरावेत, शिवाय अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव त्यावर वापरू नयेत, कारण त्यांनी ॲक्रिलिकवर बारीक तडे पडू शकतात. काचेवर गडद फिल्म किंवा पाणी झटकणारे लेपन असेल तर कोणतीही कृती आधी एका कोपऱ्यात करून पाहावी.

वेळ पहाटेची किंवा ऊन कलल्यानंतरची घ्यावी. तापलेल्या काचेवर कोणताही द्रव दोन मिनिटांत वाळतो आणि आपणच नवे डाग तयार करतो.

पहिली पायरी धुण्याची आहे आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच, कारण डाग दिसला की हात आधी घासणीकडे जातो. काचेवर चिकटलेल्या मिठाच्या खड्यांबरोबर किनाऱ्यावरच्या वाळूचे कण असतात, आणि वाळूतले क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असल्यामुळे कोरड्या किंवा अर्धवट ओल्या काचेवर फडके फिरवणे म्हणजे तिच्यावर चरे ओढणेच होय. म्हणून वरून खाली असे बादलीभर गोडे पाणी हलकेच ओतावे, काही मिनिटे थांबावे आणि पुन्हा ओतावे. तोवर हात लावू नये. त्यानंतर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार थेंब बादलीत टाकून मऊ स्पंजाने काच पुसावी. डिझेलच्या धुराचा तेलकट थर बहुतेक लाँचवर असतोच, आणि तो निघाल्याखेरीज पुढचे आम्ल डागापर्यंत पोहोचतच नाही.

आता उरलेला पांढरा थर चुन्याच्या जातीचा आहे, त्याला आम्ल हवे. वाण्याकडे मिळणारे पांढरे व्हिनेगर, ज्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असते, पाणी न मिसळता वापरावे; त्याचा वास सोसत नसेल तर ढोकळ्यासाठी आणतात ते लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात विरघळवून घ्यावे. चौकट ॲल्युमिनियमची असेल किंवा स्क्रूंना जस्ताचा मुलामा असेल तर त्यावर आधी मास्किंग टेप लावावी, कारण आम्ल त्यांनाही सोडत नाही. समोरची काच उतरती असल्यामुळे नुसते फवारलेले व्हिनेगर ओघळून खाली जाते. त्यापेक्षा टिश्यू पेपर किंवा जुन्या सुती धोतराचे तुकडे व्हिनेगरमध्ये भिजवून डागांवर चिकटवावेत, ते वाळू नयेत म्हणून वर प्लास्टिकचा पातळ कागद बसवावा आणि दहा ते पंधरा मिनिटे दुसरे काम करावे. थर जाड असेल तर कडेला बारीक बुडबुडे दिसतात. मग कापड काढून ओल्या मायक्रोफायबरने गोलाकार पुसावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. जुने डाग एका फेरीत जात नाहीत; दोन-तीन फेऱ्या धराव्याच लागतात, आणि हा वेळ द्यायला तयार असणाऱ्याला जोर लावावा लागत नाही. सायट्रिक ॲसिड वापरले असेल तर ते काचेवर वाळू देऊ नये, नाहीतर त्याचाच पांढरट पापुद्रा बसतो.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावण्याचा एक घरगुती सल्ला सर्रास दिला जातो. फेस भरपूर होतो, पाहणाऱ्याला समाधान मिळते, पण दोघे एकमेकांना निकामी करतात आणि डागाच्या वाट्याला जवळजवळ खारट पाणीच येते. सोडा वापरायचाच असेल तर शेवटी वापरावा: लिटरभर पाण्यात एक चमचा सोडा घालून ते पाणी चौकटीवर आणि रबरावर फिरवले की तिथे राहिलेले आम्ल शमते.

संडास-बाथरूम साफ करण्याचे ॲसिड काचेच्या जवळही आणू नये, हे मी एका उन्हाळ्यातल्या नुकसानीतून शिकलो. कामाला लावलेल्या माणसाने घाईने ते ओतले. डाग गेले, पण ॲल्युमिनियमची चौकट काळी पडली आणि स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगवर महिनाभरात गंजाचे ठिपके उठले. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते आणि ते ब्लीचमध्ये मिसळले गेले तर विषारी क्लोरिन वायू तयार होतो. बंद केबिनमध्ये तो जिवावर बेतू शकतो. ज्या डाग-निवारकाच्या बाटलीवर फ्लोराइड असलेल्या आम्लाचा उल्लेख आहे तेही टाळावे, कारण ते काचच खाते आणि त्वचेतून आत शिरते.

इतके करूनही काही ठिपके नखाला खरखरीत लागत असतील तर नव्या, एकधारी ब्लेडचा उपयोग होतो. काच साबणाच्या पाण्याने सतत ओली ठेवावी, ब्लेड साधारण ३० अंशांत धरावे आणि एकाच दिशेने ढकलावे. मागे ओढल्यास खाली सापडलेला कण चरा पाडतो. टफन्ड काचेवर, म्हणजे तापवून कणखर केलेल्या काचेवर, मी ब्लेड शक्यतो चालवत नाही, कारण तिच्या पृष्ठभागावर कारखान्यातच चिकटलेले सूक्ष्म कण सुटून तसेच फरफटत जाऊ शकतात. हिरवी घासणी वर्ज्य समजावी. स्टील वुलचे तुटलेले तंतू डेकवर पडून खाऱ्या हवेत गंजतात आणि पांढऱ्या फायबरवर तांबूस ठिपके सोडतात, म्हणून तेही धक्क्यावरच राहू द्यावे.

आता नखाला काच गुळगुळीत लागते, तरी वाळल्यावर धुरकट दिसते, अशी अवस्था राहिली असेल तर आम्लाचे काम संपले. ओलसर, अल्कधर्मी थर महिनोन्‌महिने बसून राहिला की तो काचेचा पृष्ठभागच झिजवतो, आणि तिथे काढण्यासारखा डाग उरलेला नसतो. यावर सिरियम ऑक्साइडची पूड हा उपाय आहे. काचकाम करणाऱ्यांकडे ती मिळते. ताकाइतकी पातळ पेस्ट करून नमद्याच्या पॅडने, मंद गतीच्या पॉलिशरवर, मधूनमधून पाणी शिंपडत घासावे आणि काच हाताला कोमट लागली की थांबावे, कारण एकाच जागी तापलेली काच तडकू शकते. सुकाण धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच्या एखाद्याच ठिपक्यावर मशीन फिरवत बसू नये. तिथे खळगा पडून पलीकडची रेषा वाकडी दिसू लागते, आणि ती अडचण डागापेक्षा वाईट. झीज खोल असेल तर काच बदलण्याचा खर्च मी रास्त मानतो.

शेवटचे पाणी क्षाररहित हवे. पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर चालते, पण मुंबईत याहून स्वस्त सोय घराघरांत आहे: एसीच्या नळीतून दिवसभर ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते मलमलच्या फडक्यातून गाळून बाटलीत भरून ठेवावे आणि रबरी वायपरने काच निथळण्यापूर्वी तेच ओतावे. पावसाची पहिली एकदोन सरी सोडून धरलेले पाणीही तितकेच चांगले, आणि १ जूनपासून मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा ते फुकट मिळते.

यापुढे प्रत्येक फेरीनंतर काच गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करावी. टँकरचे पाणी वापरण्यावाचून गत्यंतर नसेल तर ते सुकण्याआधी पुसणे एवढे तरी करावे. कोरड्या काचेवर महिन्यातून एकदा कारच्या काचेसाठीचे पाणी झटकणारे द्रव लावले तर थेंब टिकत नाहीत. ताडपत्री मात्र ओल्या काचेवर ओढू नये. वायपरचे रबरही त्याच वेळी व्हिनेगरच्या फडक्याने पुसून घ्यावे आणि त्याच्या धारेवर मिठाचे खडे हाताला लागत असतील तर ते काढल्याखेरीज, पाऊस आला तरी, वायपर सुरू करू नये.