या चुका टाळा: छोट्या बोर्डावर डेस्कटॉप टाकताय? आधी चार्जर उलटा करून बघा

रास्पबेरी पाय, ऑरेंज पाय असले तळहाताएवढे कॉम्प्युटर-बोर्ड आता जळगाव-धुळ्याकडेही लोक हौसेने मागवतात. घरात जुना मॉनिटर पडून असतो, कीबोर्ड-माउस असतात, मग बोर्ड आणला की पोराच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर तयार, असा साधा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. गाडी अडते ती पुढे. बोर्ड चालू झाला नाही की पहिला संशय ऑपरेटिंग सिस्टिमवर जातो. मग लिनक्सचं उबुंटू टाक, ते नाही चाललं तर डेबियन टाक, यूट्यूबवर कुणी सांगितलं म्हणून तिसरंच काही टाक, असं बोर्डात बसणाऱ्या मायक्रोएसडी कार्डावर पुन्हा पुन्हा सिस्टिम मारत बसायचं. रात्र जाते आणि शेवटी निकाल लागतो, "भाऊ, बोर्डच डेड आला." बोर्ड क्वचितच डेड असतो. दोष बहुतेक वेळा भिंतीवरच्या प्लगमध्ये नाहीतर कार्डात असतो, आणि कितीही वेळा सिस्टिम बदलली तरी तो तिथेच राहतो.

मोबाइलचा चार्जर

रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ व्होल्टवरच ५ अँपिअर. हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: "माझा चार्जर ६६ वॉटचा आहे, त्याला काय कमी पडणार?" चार्जर उलटा करा आणि आउटपुटच्या ओळीतली बारीक अक्षरं वाचा. साधारण असं काही छापलेलं असतं: ५ व्होल्ट २ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर, ११ व्होल्ट ६ अँपिअर. ते ६६ वॉट शेवटच्या जोडीतले आहेत. त्याच कंपनीचा फोन जोडला की चार्जर आणि फोन आपसात ठरवून व्होल्टेज वर नेतात. बोर्ड त्या ठरवाठरवीत पडत नाही, त्याला ५ व्होल्टच हवे असतात. म्हणजे त्याच्या वाट्याला २ अँपिअर, जेमतेम १० वॉट.

त्यात केबल बारीक आणि लांब असली की उरलेलं व्होल्टेज वाटेतच गळतं. रास्पबेरी पायचा कंपनीचा अ‍ॅडॉप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो, तो याचसाठी. बोर्डापाशी व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह किंवा लो व्होल्टेजची सूचना येते. लोक ती फुली मारून घालवतात. सूचना गेली तरी त्रास चालूच राहतो: प्रोसेसर आपला वेग कमी करतो, माउस अडखळतो, पेनड्राइव्ह मधेच गायब होतो, आणि नेमकं कार्डावर काही लिहिलं जात असताना व्होल्टेज पडलं तर फाइल अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप उघडत नाही आणि शिव्या खातं लिनक्स.

खात्री करायची असेल तर रास्पबेरी पायवर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) व्हीसीजेनसीएमडी ही कमांड 'गेट थ्रॉटल्ड' जोडून चालवा: vcgencmd get_throttled. 'गेट' आणि 'थ्रॉटल्ड'च्या मध्ये अंडरस्कोर द्यायचा. उत्तर ०एक्स० आलं तर वीज ठीक. ०एक्स५०००० आलं तर बोर्ड चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेग घटला. ०एक्स५०००५ म्हणजे हे आत्ता, या क्षणी चालू आहे. असं उत्तर येत असेल तोवर सिस्टिम बदलण्यात काही हशील नाही.

पाय ५ ची गंमत वेगळी. तो ३ अँपिअरवर चालू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. कीबोर्ड-माउस चालतात, बाहेरची हार्ड डिस्क लावली की ती गुरगुरते आणि सुटते. डिस्क खराब नसते.

आणि एक कळकळीची सूचना. राउटरसाठी घेतलेला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पिन बदलून बोर्डाला जोडू नका. बोर्ड जळतो. त्याच यूपीएसला ५ व्होल्टचं वेगळं यूएसबी आउटपुट असेल तर ते किती अँपिअर देतं ते बघून मग ठरवा.

लाइट गेली तर

नवीन कार्ड लावून रास्पबेरी पाय पहिल्यांदा चालू केला की सिस्टिम स्वतःला पूर्ण कार्डभर पसरवून घेते आणि बहुधा एकदा आपणच रीस्टार्ट होते. हे चालू असताना लाइट गेली की कार्ड अर्धवट राहतं. तुमच्या भागात लोडशेडिंगचं वेळापत्रक असेल तर ते बघून, किंवा घरच्या इन्व्हर्टरवर, पहिला स्टार्ट उरका. स्क्रीन काळी पडली म्हणून घाईने प्लग ओढणं हीसुद्धा लाइट जाण्यासारखीच गोष्ट. हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर कार्डावर काम चालू आहे असं समजा आणि चहा घेऊन या.

रोजच्या वापरातही मेनूतून शटडाउन करून मगच बटण बंद करायची सवय लावा. शाळेच्या खोलीत पन्नास हातांना ही सवय लागणार नाही. तिथे रास्पबेरी पायच्या कॉन्फिग साधनातला ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय चालू करून ठेवावा. मग कार्डावर काही लिहिलं जात नाही, सगळे बदल रॅममध्ये राहतात आणि बंद केल्यावर पुसले जातात. पोरांनी वॉलपेपर बदलला, आयकॉन उडवले, प्लग ओढला, तरी सकाळी सगळं जागच्या जागी. मुलांचं काम मात्र पेनड्राइव्हवर ठेवावं लागतं, हे मास्तरांना आधीच सांगा.

कार्ड

हातगाडीवरचं स्वस्तातलं ६४ जीबी कार्ड आतून ८ जीबीचं निघू शकतं. विंडोजमध्ये ते ६४ च दाखवतं, कारण आकडाच खोटा भरलेला असतो. घोळ लगेच कळत नाही. सिस्टिमची इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची तयार फाइल, काही जीबीचीच असल्यामुळे ती व्यवस्थित बसते, डेस्कटॉप उघडतो, दोन दिवस चालतो. मग अपडेट होतात, फोटो येतात, लिखाण खऱ्या मर्यादेपलीकडे जातं आणि एके दिवशी सगळं कोसळतं. म्हणून नवीन कार्ड आणलं की आधी तपासा: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. ही साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि भरलेलं परत वाचून बघतात. वेळ खातात, पण खरं-खोटं कळतं.

कार्डावर ए१ छापलेलं असेल असं घ्या. क्लास १० हा आकडा कॅमेऱ्याच्या कामाचा, सलग लिहिण्याचा. डेस्कटॉपला हजार बारीक फाइली इकडून तिकडून वाचाव्या लागतात आणि ए१ ची खूण त्या वेगाची हमी असते. ३२ जीबी पुरतं.

आता इमेज मारताना होणारं. डाउनलोड केलेली फाइल कार्डावर कॉपी-पेस्ट करून चालत नाही. रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर अशा साधनानेच ती लिहावी लागते, आणि शेवटी पडताळणी चालते ती 'स्किप' करायची नाही. लिहून झाल्यावर विंडोज विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का? नाही म्हणा. कार्डावरचा मोठा भाग लिनक्सच्या पद्धतीचा असतो, विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून त्याला तो रिकामा वाटतो. 'माय कॉम्प्युटर'मध्ये बूटचा तेवढा छोटा भाग दिसतो, आणि "३२ जीबीचं कार्ड ५१२ एमबी कसं झालं" म्हणून माणूस घाबरून फॉरमॅटवर ओके दाबतो. झालेलं काम पाण्यात.

इमेज ज्याची त्याची

लॅपटॉपवर टाकायची विंडोजची किंवा उबुंटूची नेहमीची आयएसओ फाइल या बोर्डावर चालत नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल-एएमडी जातीचा, यांचा एआरएम जातीचा. डाउनलोड करताना नावात एआरएम६४ आहे का बघा. एएमडी६४ असेल तर ती लॅपटॉपची.

एवढ्यावर भागत नाही. लॅपटॉपमध्ये कुठे काय जोडलंय हे सिस्टिमला बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलाच छोटा प्रोग्राम, सांगतो. या बोर्डांत बहुधा तशी सोय नसते, प्रत्येक मॉडेलची माहिती इमेजमध्येच भरलेली असावी लागते. म्हणून ऑरेंज पाय झीरो २ ची इमेज झीरो ३ ला लावायला जाऊ नका, आणि नावावरून रावेर-यावलच्या मंडळींना जवळचा वाटणारा बनाना पाय घेतलात तर त्याचं मॉडेल बोर्डावर छापलेलं वाचून मगच डाउनलोड करा. अशा बोर्डांसाठीच्या आर्मबियन या लिनक्सच्या यादीत प्रत्येक बोर्डाची इमेज वेगळी असते ती त्यामुळेच. रास्पबेरी पायवर इंद्रधनुष्यासारखी रंगीत चौकट येऊन तिथेच थांबली तर बहुधा जुनी इमेज नव्या बोर्डावर घातली आहे. पाय ५ ला रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म किंवा त्यानंतरची आवृत्तीच लागते.

स्क्रीन काळी, पासवर्ड चुकीचा

पाय ४ आणि ५ ला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट असतात. पॉवरच्या जवळचा वापरा, आणि मॉनिटर आधी चालू करून मग बोर्डाला वीज द्या. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर नुसती वायर चालत नाही, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो.

पासवर्डचा गोंधळ जास्त मजेदार. रास्पबेरी पाय ओएसचा कीबोर्ड मुळात ब्रिटिश मांडणीचा धरलेला असतो. आपल्याकडे मिळणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे. तुम्ही शिफ्ट दाबून २ मारता, तुम्हाला हवं असतं ॲट, बोर्ड घेतो दुहेरी अवतरण चिन्ह. पासवर्डच्या जागी सगळे ठिपकेच दिसतात, त्यामुळे काय बिनसलं ते कळत नाही. इमेजरमध्येच कीबोर्ड यूएस, टाइमझोन कोलकाता आणि वायफायचा देश भारत निवडून टाका. देश निवडला नाही तर वायफाय अडवून ठेवलेलं असू शकतं, आणि लोक अँटेना शोधत बसतात. जुन्या व्हिडिओंत सांगितलेलं पाय हे नाव आणि रास्पबेरी हा पासवर्ड एप्रिल २०२२ पासून बंद झालाय. तो दहा वेळा टाकूनही उपयोग नाही.

पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. चार तास लाइट नव्हती, आणि परत आली तेव्हा नेट नव्हतं, तर बोर्डाचं घड्याळ चार तास मागेच असतं. महिनाभर कपाटात पडून राहिला तर महिनाभर मागे. मग ब्राउझर चांगल्या साइटलाही असुरक्षित म्हणतो आणि अपडेट अडतात. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, घड्याळ आपोआप जुळतं, तक्रार संपते.

मे महिना

डिसेंबरात उत्तम चालणारा बोर्ड मे महिन्यात रडतो. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, वर पत्र्याची खोली आणि बोर्ड बंद प्लास्टिकच्या डबीत. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की वेग कमी करायला लागतो. प्रोसेसरवर उष्णता खेचणारी धातूची हीटसिंक लावा, पाय ५ ला तर पंखा लावाच, आणि डबी जाळीची घ्या. इन्व्हर्टरच्या डोक्यावर बोर्ड ठेवू नका. पाण्याच्या कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका. गारवा मिळतो तसा ओलावाही मिळतो, आणि उघड्या पिनांना तो मानवत नाही.

अपेक्षा

१ जीबी रॅमच्या बोर्डावर ब्राउझरचे चार टॅब उघडले की तो बसकण मारतो. डेस्कटॉपसाठी ४ जीबी घ्या, आणि कमी असेल तर जड डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप टाका. मराठीच्या जागी चौकोन दिसले तर लोहित किंवा नोटोचे देवनागरी फाँट टाकून घ्या; इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीने टायपिंगही होतं. पण दुकानात विंडोजची टॅली चालवायची म्हणून बोर्ड घ्यायला निघाला असाल तर थांबा. तिच्यासाठी जुना इंटेलचा लॅपटॉप घ्या आणि त्यात एसएसडी टाका.