आधी आयसीयू, मग विमान: सोलापूरच्या एका फ्लाइट नर्सचा अनुभव

सोलापूरहून पुण्याला पेशंट हलवायचा असेल, तर बहुतेक वेळा विमानाच्या मागे लागू नका. एअर ॲम्ब्युलन्सवर काम केलेल्या बाईनं हे सांगावं याचं नर्सिंगच्या मुलींना नवल वाटतं. पण या कामाची पहिली अक्कल मला इथूनच आली. पुणे रस्त्यानं सुमारे २५० किलोमीटर आहे, साडेचार-पाच तासांत कार्डिॲक ॲम्ब्युलन्स पोचते. विमान मात्र होटगी रोडला तयार उभं नसतं. ते मुंबई, हैदराबाद किंवा दिल्लीहून निघणार, त्याआधी परवानग्या, पायलट, इंधन, डॉक्टर आणि नर्स जमणार. मग हॉस्पिटल ते विमानतळ, विमान, तिकडचं विमानतळ आणि पुन्हा हॉस्पिटल. पेशंट चार वेळा उचलला जातो आणि प्रत्येक वेळी एखादी नळी निसटू शकते. दिल्ली किंवा चेन्नई गाठायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथं विमानाला पर्याय नाही. म्हणून फोन आला की उड्डाणाचा वेळ न विचारता ‘बेड टू बेड’, म्हणजे इथल्या खाटेवरून तिकडच्या खाटेपर्यंत, किती तास लागतील ते विचारा.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं आणि सोलापुरातल्या एका आयसीयूत चार वर्षं काढली. अक्कलकोट रोड, हैदराबाद रोड, पुणे रोड, सगळीकडचे ॲक्सिडेंट आमच्याकडे यायचे. तेव्हा रात्रपाळ्यांचा कंटाळा यायचा. पुढे विमानात कामाला आल्या त्या त्याच रात्री. कुठला कोर्स करू, असं विचारणाऱ्यांना मी आधी आयसीयूची दोन-तीन वर्षं सांगते. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप आणि सक्शन डोळे मिटून हाताळता आलं पाहिजे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू हवी. बीएलएस, एसीएलएस हे हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायचे कोर्स करा. ही प्रमाणपत्रं दोन वर्षांची असतात, तारखेवर लक्ष ठेवा. ट्रॉमाचा एखादा कोर्स झाला तर उत्तम. डॉक्टरांना विमानप्रवासाच्या वैद्यकात एमडी करायचं असेल, तर बंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे.

आता मूळ मुद्दा. विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब कमी होतो. प्रेशराइज्ड विमानातही तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखा असतो. आठ हजार फुटांवर बंद जागेतली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशानं फुगते. ती हवा फुप्फुसाबाहेर छातीत असेल, डोक्याला मार लागून कवटीत शिरली असेल किंवा अडलेल्या आतड्यात असेल, तर जमिनीवर किरकोळ दिसलेली गोष्ट वर गेल्यावर जीव घेते. बरगड्या मोडलेल्या पेशंटचा एक्स-रे बघून ‘न्यूमोथोरॅक्स (छातीत साठलेली हवा) अगदी थोडा आहे, जाऊ द्या’ असं कुणी म्हटलं तर जाऊ देऊ नका. छातीत आयसीडी, म्हणजे ती हवा बाहेर काढणारी नळी, टाकून मगच निघायचं, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ताज्या फ्रॅक्चरचं प्लास्टर उभं कापून घ्या, नाहीतर सूज वाढली की पाय आवळला जातो.

माझ्या हातून पहिल्याच उड्डाणात चूक झाली. घशात ट्यूब असलेला मोटारसायकल ॲक्सिडेंटचा तरुण मुलगा होता. ट्यूबच्या टोकाजवळ कफ नावाचा छोटा फुगा असतो. वर चढताना त्यातली हवा फुगते आणि श्वासनलिकेवर दाब पडतो, म्हणून दाब मोजणारं मॅनोमीटर लावून तो पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटरमध्ये ठेवायचा असतो. मी नीट हवा काढली. विमान उतरू लागलं तेव्हा मात्र ती परत भरायची राहिली. कफ सैल पडला आणि बाजूनं हवा गळू लागली. अलार्म वाजला असणार, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आला नाही. सोबतच्या डॉक्टरांची नजर व्हेंटिलेटरच्या आकड्यावर गेली, बाहेर येणारा श्वास निम्म्यावर आला होता. मुलगा वाचला. पण त्या दिवसापासून चढताना एकदा, वर पोचल्यावर एकदा आणि उतरताना एकदा कफ तपासल्याशिवाय मी दुसऱ्या कामाला हात लावत नाही. काही टीम कफमध्ये हवेऐवजी सलाईन भरतात, तेही चालतं.

विमानात कान उपयोगाचे नसतात, हे नव्या मुलींना पटायला वेळ लागतो. स्टेथोस्कोप लावून काही कळत नाही. छाती हलते का ते बघायचं, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ बघायची, ओठांचा रंग बघायचा. माझे वडील पॉवरलूमवर होते. कारखान्यात मागांच्या खडखडाटात कामगार हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालीवरून बोलायचे. लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा ती भाषा मीही शिकले. आमच्या टीममध्येही सक्शन, औषध आणि ऑक्सिजनसाठी खुणा ठरलेल्या असत आणि त्या मला फार लवकर जमल्या.

ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा, तोंडी नको. मिनिटाला १० लिटर लागत असेल आणि बेड टू बेड दोन तास असतील, तर १२०० लिटर झाले. त्याच्या दुप्पट घ्या, कारण विमानतळावर थांबावं लागतं. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात, म्हणजे दोन भरलेले हवेत. आणि जोडणी बसते का ते निघण्याआधी स्वतः लावून बघा.

सोलापूरच्या उन्हाळ्याचं वेगळं गणित आहे. मे महिन्यात दुपारी धावपट्टी भाजत असते. तापलेली हवा विरळ होते, विमानाला उडायला जास्त धावपट्टी लागते आणि वजनावर मर्यादा येते. इंजिन सुरू होईपर्यंत आत भट्टी असते. शक्यतो सकाळची वेळ मागा. औषधं थंड पेटीत ठेवा. पेशंट ॲम्ब्युलन्सच्या एसीतच थांबवा आणि पायलटनं हात दाखवल्यावरच बाहेर काढा. २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि २०२५ मध्ये गोव्याची नियमित सेवा सुरू झाली, तेव्हापासून इथं विमान आलं म्हटल्यावर लोकांना पूर्वीइतकं अप्रूप राहिलं नाही. तरी विमानतळाच्या कामाची वेळ आधी विचारून घ्या, सूर्यास्तापर्यंत ते चालूच असेल असं धरून चालू नका.

नातेवाइकांशी बोलणं सगळ्यात अवघड. एकदा एका चादर कारखान्यातल्या कामगाराच्या भावानं विचारलं, “सिस्टर, विमानानं नेलं की वाचंल न्हवं?” घर गहाण ठेवून पैसे आणले होते. मी त्यांना खाली बसवलं आणि डॉक्टरांसमोर सांगितलं, “दादा, विमान लवकर पोचवतं, बरं करत नाही. वाटेत काही झालं तर जागा कमी असते, मदतीला तिसरं माणूस नसतं. हे ऐकून मगच सही करा.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी संगं येऊ शकतो का?” बहुतेक वेळा एकालाच जागा असते. मी त्यांना पट्टा कसा लावायचा ते दाखवलं आणि भावाचा चेहरा दिसेल अशा सीटवर बसवलं.